नव्वद हजारात रेसर व्हायचंय: घरी स्टिअरिंग लावू का कार्टिंगला जाऊ?

मावशीच्या पोराचा गेल्या आठवड्यात फोन, दादा नव्वद हजार जमलेत, प्लेस्टेशन आणि स्टिअरिंग घेऊ का पुण्याला जाऊन कार्टिंग, म्हणजे त्या बुटक्या उघड्या रेसच्या गाड्या चालवणं, चालू करू, मला रेसर व्हायचंय. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआ बघून याच्या डोक्यात गाड्या शिरल्या त्या अजून निघाल्या नाहीत. मी म्हणलं थांब बे, हे फोनवर दोन मिनिटात सांगायचं काम नाही, लिहूनच काढतो. हाच प्रश्न पडलेली अजून चार पोरं सोलापुरात असतीलच, त्यांनी पण वाचा.

आधी माझी लायकी सांगतो. मी रेसर नाही. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना, त्याच्या वरच्या खोलीत माझा सिमचा सेटअप, म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल लावून खेळायचा रेसिंग गेम, सहा वर्षं झाली. कार्टिंग पुणे आणि हैदराबाद मिळून पंचवीस-तीस वेळा. खऱ्या रेसिंगच्या गाडीत एकदाच बसलोय, कोईम्बतूरला, तीन दिवसांचा कोर्स केला तेव्हा. एवढ्यावरून जे कळलं ते सांगतोय.

गेम खेळून रेसर झालेल्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, विशेषतः २०२३ मध्ये त्यावर सिनेमा आल्यापासून. निसान आणि सोनीनं २००८ साली जीटी अकॅडमी चालू केली, घरी बसून ग्रान टुरिस्मो या रेसिंग गेममध्ये टाइम लावायचा, सगळ्यात फास्ट पोरं पुढच्या राउंडला, मग इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकला कॅम्प, तिथं खरी गाडी, पळणं, जिम, मुलाखत द्यायला जमते का ते पण बघायचे. पहिला जिंकला स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, एमबीए करणारा पोरगा, आणि २०११ ला तो फ्रान्सच्या ले मान्समध्ये, चोवीस तासांच्या रेसला, एलएमपी-२ नावाच्या गाड्यांच्या क्लासात दुसरा आला. त्याच वर्षी यान मार्डेनबरो ९०,००० लोकांतून जिंकला, दोन वर्षांनी तो पण ले मान्सला क्लासात तिसरा. २०१४ ला तर ही अकॅडमी इंडियात पण आलती.

आणि २०१६ नंतर बंद.

हे पोरांना कोणी सांगत नाही. नंतर वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर म्हणून एक स्पर्धा निघाली, २०१७ ला रूडी फान ब्यूरेन जिंकून मॅक्लारेनच्या एफ-वन टीमचा सिम्युलेटर ड्रायव्हर झाला, २०१९ ला जेम्स बाल्डविन जिंकला आणि २०२० ला ब्रिटिश जीटी या खऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत पहिल्याच रेसला पहिला आला. भारी आहे, वाद नाही. पण जरा खोदून बघितलं तर फान ब्यूरेन लहानपणी हॉलंडचा कार्टिंग चॅम्पियन होता, पैसे संपले म्हणून थांबलेला. बाल्डविन पण आधी कार्टिंग केलेला. मार्डेनबरो पण लहान असताना कार्टमध्ये बसायचा. तुर्कीचा जेम ब्योल्युकबाशी एफ-वनच्या गेमच्या स्पर्धेतून, इस्पोर्ट्समधून, निघून २०२२ ला फॉर्म्युला टू म्हणजे एफ-वनच्या एक पायरी खालपर्यंत गेला, तो पण कार्टवालाच. ज्यांना आपण गेमर गेमर म्हणतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बुडाला आधीच कार्टची सवय होती, गेमनं त्यांना पैशाची अडचण ओलांडून दिली. निव्वळ कॉम्प्युटरवरून सुरुवात केलेला असा मोठा माणूस बघायचा तर अमेरिकेतला विल्यम बायरन, आयरेसिंग नावाच्या कॉम्प्युटर गेमवर शिकला, नंतर लेजंड्स नावाच्या छोट्या गाड्या पळवल्या, आणि २०२४, २०२५ सलग दोन वर्षं डेटोना ५०० ही तिकडची मोठी रेस जिंकला. पण तो सुद्धा पोरगेला असतानाच खऱ्या गाडीत जाऊन बसला, हे विसरू नको.

तर तुझा प्रश्न. मोबाईलवर आणि कंट्रोलरवर खेळणं यात मी धरतच नाही, अंगठ्यानं ट्रॅक पाठ होतो, बाकी काही होत नाही.

हिशोब मांडू. कार्टिंगला पुण्याला जायचं म्हणजे सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघायचं आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत, तिकीट, स्टेशनपासून ट्रॅकला रिक्षा, जेवण धरून हजार रुपये, आणि दहा मिनिटांचं एक सेशन मी शेवटचं गेलो तेव्हा साडेसातशेच्या आसपास होतं, चार सेशन तरी मारणारच, म्हणजे एका फेरीला चार हजार. नव्वद हजारात बावीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत चाळीस मिनिटं गाडीत. सगळं मिळून पंधरा तास पण भरत नाहीत! तेवढे तास मी वरच्या खोलीत दोन आठवड्यांत काढतो, ते पण कारखाना सांभाळून. एकच वळण शंभर वेळा मारायचं असेल तर सिमला पर्याय नाही, टायर झिजत नाही, पेट्रोल लागत नाही, मागं कोणी टाइम संपला म्हणून झेंडा दाखवत नाही.

पण सिममध्ये काय शिकायला मिळत नाही ते मला पहिल्याच दिवशी कार्टनं दाखवलं. सिमवर मी ब्रेक असा मारायचो की सरळ रस्त्यावर पाय पूर्ण दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत जायचं, ट्रेल ब्रेकिंग म्हणतात त्याला, आणि माझा त्यात चांगला हात बसलेला. भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुतेक ठिकाणी फक्त मागच्या चाकांना असतो आणि मागची दोन्ही चाकं एकाच अखंड रॉडवर, ना सस्पेन्शन, ना वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल. मी माझ्या सवयीनं वळणात पाय ठेवला आणि गाडी गर्रकन फिरून तोंड मागं. पुढच्या लॅपला परत. तिसऱ्यांदा फिरलो तेव्हा बाजूनं एक दहा-बारा वर्षांची पोरगी शांतपणे निघून गेली आणि तिथला माणूस येऊन म्हणला, सर आरामसे, पहली बार है क्या. सहा वर्षांत एवढी लाज वाटली नव्हती मला. ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, मगच स्टिअरिंग वळवायचं, हे डोक्याला समजायला एक लॅप पुरला, पायाला समजायला तीन फेऱ्या गेल्या.

याच्या उलटं पण झालं. गाडीचं मागचं टोक सुटायला लागतं ते सिमवर आधी डोळ्याला दिसतं, हाताला थोडं कळतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. कार्टमध्ये ते बुडाखाली कळतं, डोळ्याच्या आधी. दोन महिने कार्टिंग करून परत सिमवर बसलो तर माझे टाइम बिघडले, कारण मी बुडाकडून खबर यायची वाट बघत बसायचो आणि खुर्ची गप्प! म्हणजे दोन्ही एकमेकाला मदत करतात हे अर्धंच खरं, मधे काही दिवस एकमेकाला बिघडवतात पण.

आणि कोईम्बतूरला तिसराच प्रकार. फॉर्म्युला गाडीच्या ब्रेकला आपल्या घरच्या गाडीसारखा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतो, पेडल दगडासारखं. मी अलगद दाबलं तर गाडीनं दखलच घेतली नाही. सिमवरचं साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं, आणि खरी गाडी पायाचा जोर किती ते बघते, हा फरक मला ऐकून माहीत होता पण मांडी भरून आल्यावर पटला. लोड सेल असलेलं पेडल मिळतं, ते जोर मोजतं, महाग असतं. माझं ऐकशील तर भारी स्टिअरिंगपेक्षा पैसा पेडलात घाल, सगळी पोरं उलटं करतात, स्टिअरिंग फोटोत छान दिसतं म्हणून. ट्रेल ब्रेकिंग मात्र तिथं कामाला आलं, जे कार्टनं काढून टाकायला लावलं तेच तिथले सर परत करायला लावत होते. आणि ट्रॅकची लाईन, कुठं बघायचं, गिअर कधी पाडायचा यात कोर्समधल्या बाकीच्या पोरांपेक्षा मी पहिल्या दिवशी पुढं होतो, ते सगळं सिमचं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या बरोबरीला आले कारण त्यांना गाडी ठोकायची भीती कमी होती आणि मला जास्त, नुकसानीच्या कागदावर सही केल्यावर हात आपोआप जड होतो.

अंगाचं पण सांगतो. कार्टमध्ये पहिल्या दिवशी बरगड्या दुखतात, झोपताना कूस बदलता येत नाही, रिब प्रोटेक्टर घेच. वजनाचा फरक पडतो, नऊ-दहा हॉर्सपॉवरच्या कार्टमध्ये माझे पंच्याऐंशी किलो आणि तुझे पंचावन्न, सरळ रस्त्यावर तू मला न विचारता पुढं जाशील. सिमवर कडक भाकरी शेंगाचटणी तूप हाणून बसलं तरी टाइम तोच. उन्हाळ्याचं मात्र दोन्हीकडं सारखं, मे महिन्यात आपल्या पत्र्याखालच्या खोलीत तासभर रेस मारली की शर्ट पिळून निघतो, तेवढी एक प्रॅक्टिस सोलापूरकराला फुकट.

आता पुढं जायचं कसं. इंडियात रेस करायची तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातलं मोटर रेसिंग बघणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं, गेममधल्या रँकवर ते मिळत नाही. ट्रॅक बघ कुठं आहेत, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोईम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, आणि तिकडं ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट जिथं २०११ ते २०१३ एफ-वन झाली. यातला एक पण महाराष्ट्रात नाही. आपल्याला सवय आहे कुठलंही काम असलं की पुण्या-मुंबईकडं बघायची, पण इथं गंमत अशी की मुंबई-चेन्नईची लाईन सोलापुरातूनच जाते, मुंबईचा पोरगा आपल्याआधी सात-आठ तास गाडीत बसलेला असतो. रेसिंग स्कूल पण त्याच बाजूला. कोर्समध्ये गाडी, हेल्मेट, सूट त्यांचंच, आणि नव्या पोरांसाठी जी एलजीबी फॉर्म्युला फोर असते तिच्यात इंजिन मारुती स्विफ्टचं, तर घाबरू नको.

कोर्सनंतर सीझन करायचा तर खर्च लाखांत जातो, ते नव्वद हजाराचं काम नाही, स्पॉन्सर नाहीतर बापाची जमीन. दुचाकीवर हात असेल तर टीव्हीएसची वन मेक आहे, म्हणजे सगळ्यांना एकसारखी गाडी, ती गाडी कंपनीची असते, खर्च बराच कमी. पण तू तर स्कूटीवर सात रस्त्याच्या सिग्नलला पण दोन पाय टेकवतोस, म्हणून ते सोडलं.

माझं मत असं. नवीन पीएस-५ आणि नवीन स्टिअरिंग घेतलंस की पैसे तिथंच संपतात आणि दोन वर्षांनी तू चांगला गेमर असशील. नुसतं कार्टिंग केलंस तर पंधरा तासांत पैसे संपतील आणि नीट काहीच बसलेलं नसेल. जुना पीएस-४ आणि जुनं लॉजिटेक जी-२९ स्टिअरिंग-पेडल घे, दोन्ही पस्तीस-चाळीसात बसवता येतं, त्यावर ग्रान टुरिस्मो ७ चालतं. ग्रान टुरिस्मो स्पोर्टची सीडी कोणी स्वस्तात गळ्यात मारेल, ऑनलाइनसाठी म्हणून घेऊ नको, त्याचे सर्व्हर जानेवारी २०२४ ला बंद झालेत. वीस हजार कार्टिंगला, पाच फेऱ्या, पण सलग नको, सिम घेतल्यावर दीड महिन्यानं पहिली आणि मग महिन्याला एक. उरलेले तीस बँकेत टाक आणि हात लावू नको, ते कोर्ससाठी, थोडी भर मी घालतो, मावशीला सांगू नको. कोर्सला गेलास की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या सरांना सरळ विचार, माझ्यात काय दिसतंय का. त्यांना रोज पोरं बघायची सवय असते. मी पण विचारलं होतं. मला म्हणाले, हौस म्हणून करा. बरं वाटलं नाही पण पैसे वाचले.

जुनं जी-२९ घ्यायला गेलास तर एक काम कर. स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून कुठं खरखर येते का ते ऐक, आणि मग गेम लावून पेडलला पाय न लावता स्क्रीनवरची ब्रेकची पट्टी बघ. आमच्याकडं कारखान्याची रुई उडून माझ्या पेडलमध्ये जाऊन बसली होती, पाय न लावता दहा टक्के ब्रेक लागलेला असायचा, आणि मी चार महिने माझे टाइम का पडलेत म्हणून सेटिंग बदलत बसलो. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या स्प्रेनं सुटतं ते. पण विकणाऱ्याला हे सांगू नको, पट्टी थरथरताना दिसली की तोंड वाकडं करून दोन हजार कमी करायला लाव.