ईईसीपी की शॉकवेव्ह? अँजिओग्राफी साफ, तरी छातीत दुखणाऱ्यांसाठी

दुखणं हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं असलं की स्टेंट टाकायला जागाच नसते. गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही जिना चढताना छाती आवळत असेल, तर कधीतरी या दोन यंत्रांचा विषय निघतो : ईईसीपी म्हणजे पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर दाब देणारं, आणि शॉकवेव्ह म्हणजे छातीवर बाहेरून हृदयाकडे हलक्या आघात-लहरी सोडणारं. मी दोन्हींवर झोपून झालोय.

पुराव्याचं पारडं ईईसीपीकडे झुकतं, हे आधीच सांगतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मस्ट-ईईसीपी चाचणीत १३९ रुग्ण होते आणि तुलनेला नावापुरता दाब दिलेला गटही होता. मात्र त्यांचा आजार मोठ्या वाहिन्यांचा. आपल्या दुखण्यावरचे अभ्यास दोन्हीकडे छोटेच आहेत.

ईईसीपीच्या साधारण ३५ बैठका, रोज तासभर. वेळेचं मला फारसं वाटलं नाही, पोटऱ्या-मांड्यांवरच्या दाबाचीही सवय होते. वैताग आणला तो लघवीने. आधी जाऊन आलं तरी अर्ध्या तासात पुन्हा लागते. त्यात पाणी उतरवायची गोळी चालू असेल तर विचारूच नका. मग यंत्र थांबवा, सगळे पट्टे सोडा, ती घट्ट विजार सावरत जा, परत येऊन पुन्हा बांधून घ्या. घाईत कापडाची एखादी चुणी राहिली की तिथली कातडी सोलवटते. टेक्निशियन बिचारा काही बोलत नसे, पण मीच सकाळपासून पाणी कमी प्यायला लागलो. तिथे माझं मन उठलं.

शॉकवेव्हच्या लहरी मूतखडा फोडणाऱ्या लहरींच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या. छातीवर जेल, सोनोग्राफीवर जागा धरायची आणि ईसीजीच्या तालावर टकटक. प्रचलित पद्धतीत नऊ बैठका : पहिल्या, पाचव्या आणि नवव्या आठवड्यात तीन-तीन. गुण मात्र सावकाश येतो. मधल्या रिकाम्या आठवड्यांत ‘काही होतंय का नाही’ असं वाटत राहतं. मला शेवटच्या फेरीनंतर जिन्यात थांबावं लागणं कमी झालं. त्यात गोळ्यांचा वाटा किती, देव जाणे.

मूत्राशय दणकट असेल आणि रोजची ये-जा जमत असेल, तर ईईसीपीला नाही म्हणायचं कारण नाही. पण महाधमनीची झडप जास्त गळत असेल किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर तो रस्ता बंदच. शॉकवेव्हला होकार देण्याआधी फासळ्यांमधून तुमचं हृदय कितपत स्पष्ट दिसतं, ते इको करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. मध्ये फुप्फुस येत असेल तर नेम धरणंच अवघड होतं.