पायथनचं फ्लोट: दूध संकलनाच्या हिशोबात कसं वाटलं

दूध संकलन केंद्रांच्या दहा दिवसांच्या बिलांसाठी मी छोटे प्रोग्रॅम लिहिते. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) हे सगळं वहीतून बघून कोणीतरी टाइप करतं आणि ती फाइल माझ्याकडे येते. म्हणजे हाती पडतो तो मजकूर, आकडा नव्हे. त्याचा आकडा करायचं काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फ्लोट या फंक्शनचं. इतकं रोजचं झालंय, पण त्याच्या गुणांबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला देवनागरी आकडे वाचता येतात. “३.५” दिलं की सरळ साडेतीन. निम्मा रकाना मराठी कीबोर्डवर आणि निम्मा इंग्रजीवर भरलेला असला तरी अडत नाही. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं याच कामाचं पार्सफ्लोट इथे हात टेकतं. मागेपुढे राहिलेली स्पेसही फ्लोट स्वतःच काढून टाकतं.

दुसरं, जमत नसेल तर ते तोंडावर सांगतं. रिकामा खाना, “३.५ टक्के”, “₹४०” यातलं काहीही आलं की व्हॅल्यूएरर नावाची चूक दाखवून थांबतं, आणि कोणत्या मजकुरावर अडलं तेही त्यातच दिसतं. सी भाषेतलं याच कामाचं एटॉफ हे फंक्शन अशा वेळी गुपचूप शून्य हातात ठेवतं. पार्सफ्लोटला इंग्रजी आकड्यांत सव्वा लाख स्वल्पविरामांसकट दिले तर ते पहिला १ उचलून मोकळं होतं. माझ्या कामात असं शून्य किंवा असा १ म्हणजे कुणाच्या तरी घरचे पैसे. त्यापेक्षा प्रोग्रॅम थांबलेला कधीही परवडला.

स्वल्पविराम मात्र फ्लोटला अजिबात चालत नाहीत. “१,२५,०००” आधी साफ करून द्यावं लागतं. बरेच जण स्वल्पविराम सरसकट पुसून टाकतात आणि तिथेच घात होतो. घाईत “३.५” ऐवजी “३,५” पडलेलं असतं, पुसल्यावर फॅट होते ३५! रकमेच्या रकान्यातले स्वल्पविराम पुसा, फॅटच्या रकान्यातल्यांना हात लावू नका. तिथे त्याला अडू द्या.

एका बाबतीत ते फारच उदार आहे. इंग्रजीतली एन-ए-एन ही तीन अक्षरं आली की “हा आकडा नाही” असा अर्थ घेऊन ती बिनतक्रार स्वीकारतं. दुसऱ्या प्रोग्रॅममधून निघालेल्या फाइलींत रिकाम्या जागी ही अक्षरं हमखास सापडतात. अशी एक जरी नोंद बेरजेत शिरली की अख्खी बेरीज गेली. शिवाय तिची कोणाशीही लहान-मोठी तुलना केली तरी उत्तर ‘नाही’ असंच येतं. त्यामुळे “२ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल तर अडव” ही अट ती आरामात ओलांडते. अट उलटी लिहायची: “२ ते १२ च्या दरम्यान असेल तरच घे.” मग ती अडते, वरची ३५ ची फॅटही अडते.

पैशांसाठी फ्लोट वापरूच नका, हे मी ठासून सांगेन. यात पायथनचा दोष नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे फ्लोटची संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ५३ बिटांच्या अचूकतेने साठवली जाते आणि ४.३५ तिथे तंतोतंत बसत नाही. ४.३५ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतात. त्याचे पूर्णांक पैसे काढले तर ४३४, एक पैसा गायब. रोज दोन वेळचं दूध आणि शेकडो खाती धरली की हा पैसा छोटा राहत नाही.

फॅट आणि एसएनएफ तपासायला फ्लोट उत्तम. दर आणि रक्कम डेसिमलमध्ये, म्हणजे दशांश आकडे जसेच्या तसे साठवणाऱ्या पायथनच्या प्रकारात ठेवा, आणि डेसिमलला मूळ मजकूरच द्या. आधी फ्लोट करून दिलात तर बायनरीत तंतोतंत न बसल्यामुळे ०.१ च्या मागे लागलेलं जादा आकड्यांचं शेपूट तसंच आत जातं. देवनागरी आकडे डेसिमललाही वाचता येतात, त्यामुळे टाइप करणाऱ्यांना काही बदलायला सांगावं लागत नाही.