घरचा फीटल डॉपलर: ठोके ऐकवतो, वाढ सांगत नाही

पाचवा महिना लागला की घरात कुणीतरी सुचवतंच, एक डॉपलर आणू या, बाळाची वाढ घरच्या घरी कळेल. इंदूरच्या दवा बाजारात किंवा ऑनलाइन बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं हे यंत्र दोन-तीन हजारांत येतं. वायरला जोडलेला, पोटावर टेकवायचा प्रोब, छोटा स्क्रीन, स्पीकर, एवढाच सरंजाम. आवाज झकास येतो. पण ज्या कामासाठी लोक ते घेतात, ते काम त्याचं नाहीच.

आधी वापराचं. प्रोब २ किंवा ३ मेगाहर्ट्झचा असतो. २ ची लहर खोल जाते, म्हणून पोट जाड असेल तर तोच बरा. जेल भरपूर लावायचं, कारण त्वचा आणि प्रोबमध्ये हवा राहिली की आवाज तुटतो. खोबरेल तेलावर भागवू नका, प्रोबचं आवरण खराब होऊ शकतं. १६ ते २० आठवड्यांत बेंबी आणि ओटीपोटाच्या हाडाच्या मध्ये, हाडाच्या बाजूने सुरुवात करावी. प्रोब पोटावर घासत फिरवायचा नाही. एका जागी टेकवून फक्त कोन हळूहळू बदलायचा. विसाव्या आठवड्यानंतर अगदी उताणं झोपू नये, उजव्या कुशीखाली उशी सरकवावी, नाहीतर गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबून गरगरतं.

खरी गोची इथून पुढे. सूं-सूं असा वाऱ्यासारखा आवाज वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) किंवा आईच्याच रक्तवाहिन्यांचा असतो. बाळाचे ठोके जलद आणि सुटे येतात, मिनिटाला ११० ते १६०. आईची नाडी ७० असेल तर यंत्र कधीकधी ती दुप्पट मोजून स्क्रीनवर १४० दाखवतं आणि घरात सगळे निर्धास्त होतात. त्यामुळे दुसऱ्या हाताने आईच्या मनगटाची नाडी धरूनच ऐकायचं. ठोके नाडीबरोबर पडत असतील तर ते बाळाचे नाहीत. स्क्रीनवर विसंबू नका. १५ सेकंद कानाने मोजून चारने गुणा. वार पुढच्या बाजूला असेल तर ठोके सापडायलाच वेळ लागतो, आणि त्या दहा मिनिटांत आईचा जीव टांगणीला लागतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्येच घरगुती वापराविरुद्ध सावध केलं होतं.

आता वाढीचं. बाळाची वाढ खुंटते तेव्हा सहसा आधी पोटाचा घेर मागे पडतो. ठोके मात्र बराच काळ १४० च्या आसपास छान चालू राहतात. घेर दाखवते सोनोग्राफी. १८ ते २२ आठवड्यांतल्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळातले दोष बघणारी सोनोग्राफी) डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून वजनाचा अंदाज काढतात. विसाव्या आठवड्याला तो साधारण ३०० ते ३५० ग्रॅम असतो, चोविसाव्याला सहाशेच्या वर. अंदाजात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच, म्हणून एका आकड्याने घाबरू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर वाढीची रेघ कुठे जाते ते बघावं. हा स्कॅन लांबणीवर टाकू नका. काही गंभीर निघालं तर पुढच्या तपासण्यांना वेळ हवा, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरही २४ आठवड्यांपुढच्या गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.

डॉपलरपेक्षा मापाची साधी टेप जास्त सांगते. चोविसाव्या आठवड्यापासून, लघवी करून आल्यावर, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतचे सेंटिमीटर जवळपास आठवड्यांइतके भरतात, दोन कमी-जास्त. मोजताना टेपची आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवायची. नाहीतर आठवडे मनात असतात आणि टेप नकळत तिथवर ओढली जाते. हे माप नर्सबाईंकडूनच घ्यावं, माथा चाचपायला सराव लागतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत ही तपासणी फुकट होते.

आणि कळकळीने सांगायचं ते हे: बाळाची हालचाल कमी वाटली तर कपाटातून डॉपलर काढू नका. ठोके ऐकू आले म्हणून घरी थांबणं हाच या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका आहे. रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

छोट्या दवाखान्यासाठी मात्र वस्तू उपयोगी आहे. तिथे २ मेगाहर्ट्झचा, हेडफोनची सोय असलेला घ्यावा, पक्कं बिल मागावं, आणि प्रोबच्या वायरचा जोड दुकानातच हलवून बघावा. डॉपलर बिघडतो तो बहुतेक तिथेच.