तारकर्ली-देवबागचं बुकिंग करताय? आधी हे वाचा

नाताळच्या आठवड्यात समुद्रकिनारी दोन-तीन रात्री काढायचा बेत असेल आणि खोली अजून ठरली नसेल, तर हे सगळं वाचा आणि घरातल्या मोठ्यांनाही दाखवा. आमचे पैसे गेले ते कुठल्या बनावट हॉटेलच्या नावावर नाही. देवबागमध्ये खरोखर उभं असलेल्या, चांगल्या माणसांच्या घराच्या नावावर गेले. म्हणून तर हा प्रकार ओळखायला इतका अवघड आहे.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि गर्दीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक जण आधी तिकीट काढतात, मग खोली शोधतात. आम्हीही कोकणकन्येचं कुडाळपर्यंतचं तिकीट आधी काढलं. त्यानंतर जिथे फोन करावा तिथे "फुल आहे." हातात तिकीट आहे आणि खोली नाही, अशा माणसांचीच हे ठग वाट बघत असतात. नाताळ, २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी, मे महिना, हे त्यांचे सुगीचे दिवस.

नकाशाच्या ॲपवर देवबागमधलं एक घरगुती निवासस्थान सापडलं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. फोटो खरे होते, पाहुण्यांचे जुने अभिप्रायही खरे होते. खोटा होता तो फक्त फोन नंबर. या ॲपवर ठिकाणाच्या माहितीत दुरुस्ती कोणीही सुचवू शकतं, आणि मालकाने आपल्या जागेची नोंद स्वतःच्या ताब्यात घेतली नसेल तर नंबर बदलला गेल्याचं त्याच्या गावीही नसतं.

फोन उचलणारा माणूस घाई करत नव्हता, हे मुद्दाम सांगते. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची खोली हवी म्हटल्यावर त्याने "आजींसाठी कमोडची सोय आहे" असं आपणहून सांगितलं. जेवणात सुरमई की बांगडा, शाकाहारी किती, स्कूबासाठी कुणाचं नाव लिहू, सगळं विचारलं. व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो, जीएसटीचं प्रमाणपत्र, कुणाचं तरी आधार कार्ड आलं. दर बाजारभावापेक्षा किंचितच कमी होता, संशय येण्याइतका नाही. ६,००० रुपये ॲडव्हान्स मागितला. पाठवताना ॲपवर खातेदाराचं नाव वेगळंच दिसलं, तेव्हा "ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" असं उत्तर लगेच तयार होतं.

खरी लूट त्यानंतर झाली. थोड्या वेळाने त्याच माणसाचा फोन आला. म्हणाला, "सर, पेमेंट आलंय, पण सिस्टिममध्ये रूम लॉक होत नाहीये. कॉल कट करू नका, मी सांगतो तसं करा. पैसे पाठवायचे नाहीत. अमाउंटच्या चौकटीत फक्त बुकिंग कोड टाका, २४७९०. खाली रिमार्कमध्ये 'रूम कन्फर्म' लिहा आणि पिन टाका." माझ्या नवऱ्याने तसं केलं आणि २४,७९० रुपये गेले. लगेच पलीकडून अगदी काळजीचा सूर: "अरेरे, हे चुकून डेबिट झालं. हरकत नाही, तोच कोड पुन्हा टाका, दोन्ही एंट्री जुळल्या की सगळे पैसे एकदम रिफंड होतील." दुसऱ्यांदाही तेवढेच गेले. तिसऱ्या वेळी मी फोन हातातून काढून घेतला.

अमाउंटच्या चौकटीत टाकलेला कुठलाही आकडा म्हणजे रक्कमच असते. त्याला कोणी कोड म्हणो, टोकन म्हणो, नाहीतर रूम नंबर. आणि यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे परत यायला पिन कधीच लागत नाही. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण फोन चालू, समोरचा एकेक पायरी सांगतोय, मुलं शेजारी उड्या मारतायत, अशा वेळी विचार करायला उसंतच मिळू द्यायची नाही, हीच त्यांची रीत. "कॉल कट करू नका" हे वाक्य ऐकलंत की आधी कॉल कट करा.

आम्ही लगेच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक आहे. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, म्हणून फोन लावण्याआधी यूपीआय ॲपमधला तो तपशील उघडून ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवून काढून घेतले जातात, त्याआधी जेवढे सापडतील तेवढेच रोखता येतात. आमचे शेवटचे २४,७९० एका खात्यात अडकले, आधीचे निघून गेले होते. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात.

माझा मामेभाऊ कुडाळला असतो. तो दुचाकी काढून देवबागला गेला. घर सापडलं, अगदी फोटोतलंच. फाटकावरच्या पाटीवर रंगवलेला नंबर मात्र पूर्ण वेगळा. आतून आलेल्या काकूंनी वही उघडून बघितली आणि म्हणाल्या, "तुमचा बुकिंग आमच्याकडे नाय ओ." मग त्यांनीच सांगितलं, आठवड्यापूर्वी कोल्हापूरचं एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं होतं. पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट दाखवत त्यांच्या अंगावर ओरडत होतं. काकूंच्या खोल्या भरलेल्या. तरी त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि शेजारच्या घरी त्यांची सोय लावून दिली. या बाईंनी कुणाचा एक रुपया घेतलेला नाही, आणि त्यांच्या घराला लोक फसवं म्हणून तारे कमी देऊन जातायत. त्यांच्या नावावर येणारे शिव्याशाप मला आमच्या पैशांइतकेच लागले.

खोली ठरवताना ॲपवरच्या एकट्या नंबरवर विसंबू नका. त्या जागेचं स्वतंत्र पान, जुन्या पाहुण्यांनी टाकलेल्या फोटोतली पाटी, गावातला रिक्षावाला किंवा स्कूबावाला, अशा दुसऱ्या वाटेने नंबर मिळवून तो जुळतो का बघा. व्हिडिओ कॉल करून अंगण आणि फाटक दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात काही वाटत नाही, उलट काकूच आता प्रत्येकाला तसं करायला सांगतात. कागदपत्रांच्या फोटोंवर जाऊ नका, ते कुणाचेही उचलता येतात. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी साधारणपणे बंधनकारक नसते. त्यामुळे चार खोल्यांचं घर चालवणारा माणूस आधी जीएसटी, मग परत मिळणारी अनामत असे एकेक पैसे मागू लागला, तर तिथेच थांबा. सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदलेल्या घरांना प्रमाणपत्र मिळतं. त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्यावरचं नाव एकच आहे का, ते पैसे पाठवण्याआधी ॲपवर दिसतंच. वेगळं असेल आणि कारण अकाउंटंटचं, भाच्याचं, पार्टनरचं सांगितलं जात असेल, तर ॲडव्हान्स नको, येऊन देतो म्हणा.

आणि तुमचं स्वतःचं घर पर्यटकांसाठी खुलं असेल, तर आजच नकाशावरची नोंद तुमच्या नावे करून घ्या. दर आठवड्याला नंबर तपासा. काकूंचा मुलगा बोटीवर जातो, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मामेभावाने तिथे बसून नोंद त्यांच्या ताब्यात आणून दिली आणि खरा नंबर पुन्हा चढवला.

आमची तक्रार अजून चालू आहे. अडकलेली रक्कम परत मिळावी म्हणून अर्ज दिला आहे.