कामाच्या टेबलाचा माथा: प्लायवूड की बाभूळ?

साताऱ्यात गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू करताना आधी टेबल बांधा, रंधा-पटाशी नंतर.

१८ मिमी प्लायवूडची ८ बाय ४ फुटी शीट लांबीत मधोमध कापली की ८ बाय २ चे दोन तुकडे मिळतात. फेव्हिकॉल सगळीकडे सारखा पसरून ते एकावर एक चिकटवा आणि खालून वीत-वीत अंतरावर ३० मिमीचे स्क्रू मारा. ३५ चे नकोत: डोकं आत दाबलं की टोक वर येतं आणि रंध्याचं पातं तिथेच खांडतं.

बाभळीच्या ५० मिमी फळ्या जड असतात. पटाशीवर ठोका घातला तरी टेबल हलत नाही. इथे प्लायवूड मागे पडतं, हे मान्य. पण वखारीतली फळी बहुधा ओलीच मिळते. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, जाडीच्या इंचाला साधारण एक वर्ष सुकवावी लागते. सुकलेलीही पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. सांगाड्याला घट्ट आवळली तर चिरते, म्हणून स्क्रूची भोकं लांबट हवीत.

नवख्याने प्लायवूडच घ्यावं, तेही आयएस ७१० चं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचं. स्वस्तातली एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) शीट ओल्या भिंतीला टेकली की कडा फुगून पदर सुटतात.