लुडविग राजाचे महाल: एक फेरी टुरिस्ट बसने, एक आपली आपण

३४ वर्षं एसटीत काढली. आधी वाहक, शेवटची ११ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक, म्हणजे लोक ज्याला कंट्रोलर म्हणतात तो. त्यामुळे गाडी कुणाचीही असो, बसल्याबरोबर माझी नजर आधी घड्याळावर जाते, मग ड्रायव्हरवर, आणि खिडकीबाहेर सगळ्यात शेवटी. हे आधीच सांगितलेलं बरं.

२०२५च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे म्युनिकला होतो. महाबळेश्वरला आलेल्या पाहुण्याला वेण्णा लेक चुकत नाही, तसा म्युनिकला आलेल्या आईबापांना नॉयश्वानस्टाइन चुकत नाही. डोंगराच्या सोंडेवरचा लुडविग राजाचा तो पांढरा महाल, जो पूर्वी न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर असायचा. मुलीला सुट्टी नव्हती. "बाबा, टूरची बस करून देऊ की ट्रेनचं तिकीट काढून देऊ? ट्रेनने मध्ये एकदा बदलावी लागेल." मी बस म्हटलं. जन्माची सवय. बारा दिवसांनी ट्रेननेही गेलो, कारण बसच्या फेरीत महालामागचा पूल बघायचा हिचा राहिला. म्हणून दोन्हींबद्दल लिहायचा अधिकार आलाय. बस कंपनीचं नाव देत नाही. अशा गाड्या तिथून पुष्कळ सुटतात आणि सगळ्यांचा दिवस थोड्याफार फरकाने सारखाच असतो.

बस सकाळी ८:३० ची, मेन स्टेशनजवळून. माझ्या घड्याळात ८:३१ ला हलली. पन्नासच्या पन्नास सीट भरलेल्या. गाइड बाई माइकवर आधी इंग्रजीत आणि मग तेच स्पॅनिशमध्ये सांगायच्या, म्हणजे निम्मा वेळ आपल्याला डुलकीला मोकळा. पण मुंडकी मोजायला चोख. प्रत्येक थांब्यावर एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. मी हिला म्हटलं, "ही बाई आपल्या डेपोत खपली असती."

ड्रायव्हर तर बघत राहावं असा. युरोपात नियमच आहे की सलग साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची, दिवसाला साधारण ९ तासांच्या वर स्टिअरिंग धरायचं नाही, आणि सगळं टॅकोग्राफच्या यंत्रात नोंदलं जातं. आमच्याकडे रात्रीच्या मुक्कामी गाडीवरचा ड्रायव्हर पहाटे तोंडावर पाणी मारून परत निघायचा, ते आठवलं. पहिल्या थांब्यावर मी त्याला खुणेनंच विचारलं, किती वर्षं? त्याने दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडली. मग आम्ही दोघं गाडीच्या टायरांकडे बघत जरा वेळ उभे राहिलो.

पहिला थांबा लिंडरहोफ, आणि बसने मिळवून दिलेली खरी चीज हीच. म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने बांधलेल्या महालांपैकी हा सगळ्यात लहान, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुरा झालेला एकच. १८७८ मध्ये पुरा झाला. बाहेरून एखाद्या संस्थानिकाच्या बंगल्याएवढाच वाटतो. आत गेलात की सोन्याने डोळे दिपतात, आरशांच्या दालनात आपलीच रांग लांबच लांब दिसते. जेवणाच्या खोलीतलं टेबल अख्खं जमिनीखाली उतरतं. खाली भटारखान्यात पानं मांडायची आणि टेबल वर ढकलायचं, म्हणजे राजाला वाढप्याचं तोंड बघायला नको. ही म्हणाली, "लग्न झालं नव्हतं वाटतं." खरंच नव्हतं झालं. १८६७ मध्ये साखरपुडा होऊन मोडला होता.

बाहेर बागेत सोनेरी कारंजं आहे. पंप नाही, डोंगरावरच्या पाण्याचाच जोर. ठरल्या वेळी उडतं तेव्हा महालाच्या कौलांपर्यंत जातंय असं वाटतं. आम्ही होतो तेव्हा उडालं, तोवर गाइड बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं होतं.

मग ओबरआमरगाउ. २५ मिनिटं. भिंतींवर चित्रं काढलेली घरं, लाकडी कोरीवकामाची दुकानं. १६३४ पासून हे गाव येशूच्या जीवनावरचं नाटक करत आलंय, आता दर दहा वर्षांनी. शेवटचं २०२० ला व्हायचं ते करोनामुळे २०२२ ला झालं. अख्खं गाव त्यात काम करतं म्हणे. आम्ही २५ मिनिटांत एक दुकान आणि एक स्वच्छतागृह पाहिलं.

दुपारी एकला होहेनश्वांगाउ, म्हणजे नॉयश्वानस्टाइनच्या पायथ्याचं गाव. महाल वर, गाव खाली. गाडी सुटणार ४:१५ ला. म्हणजे १९५ मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतात, पण मी लॉगशीट मांडतो तसं मांडून दाखवतो. खालून वर चालत ४० मिनिटं, चढ सज्जनगडाच्या पायऱ्यांसारखा नाही पण दम काढतो. वर आपल्या वेळेची वाट बघत २० मिनिटं. आत अर्धा तास. उतरायला २५. स्वच्छतागृहाची रांग १५. झाले १३०. उरलेल्या ६५ मिनिटांत एक तर नीट बसून जेवा, नाही तर मारीनब्रुकवर जा. हा पूल महालाच्या मागच्या दरीवर, पाण्यापासून ९० मीटर वर आहे, आणि कॅलेंडरवरचा फोटो तिथूनच काढतात. राजाच्या बापाने राणीच्या नावाने लाकडाचा बांधला, पोराने तो लोखंडाचा केला. हिला गोळ्या घ्यायच्या असतात, उपाशीपोटी चालत नाही. आम्ही जेवलो. पूल राहिला.

आणि मग जे झालं त्याने माझं डोकं फिरलं. ४:१५ ला सगळे सीटवर, दोन तरुण पोरं गायब. ४:३५ ला हातात आइस्क्रीम घेऊन आली. गाइड बाई हसल्या, गाडी सुटली. म्हणजे आम्ही पूल सोडून वेळेत आलो आणि ती पोरं पूल बघून उशिरा. मी असतो तर ४:२० ला डबल बेल दिली असती. ही मला म्हणाली, "अहो, रिटायर झालात." बस टूरचा दोष एका शब्दात सांगायचा तर हा: पन्नास माणसांचं घड्याळ एक, आणि ते सगळ्यात बेशिस्त माणसाच्या हातात.

माणशी सत्तरेक युरो घेतले, महालांची तिकिटं वेगळी.

आता ट्रेन. मुलीने बायर्न-तिकीट काढून दिलं. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो ना, त्याच जातीचं, फक्त एका दिवसाचं. बव्हेरियाभर कुठल्याही साध्या प्रादेशिक गाडीत चढा, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, माणूस वाढला की थोडे पैसे वाढतात. दोघांचं मिळून बसच्या एका सीटपेक्षा बरंच स्वस्त पडलं. फ्युसेन स्टेशनवरून महालाच्या गावाला जाणारी लोकल बससुद्धा त्यातच. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, तिकिटावर नाव लिहावं लागतं. तपासनीसाने ते वाचून माझ्या ओळखपत्राशी ताडून पाहिलं, तेव्हा मला परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. दुसरी, सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊच्या आधी चालत नाही. म्हणजे काय होतं, की नऊनंतरची पहिली फ्युसेनची गाडी गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी भरते. अर्धा तास आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभं राहा. शनिवार-रविवारी नऊची अट नसते.

प्रवास दोन तासांचा. काही गाड्या थेट जातात, आमची बुखलोला बदलायची होती. समोरासमोरच प्लॅटफॉर्म, हिच्या गुडघ्यांना जिना लागला नाही. कौफबॉयरेन सोडलं की सपाटी संपते, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या तपकिरी गाई, आणि एका वळणावर आल्प्स एकदम समोर उभे. डावीकडे बसा, फ्युसेन जवळ आलं की तळं आणि लांबवर तो पांढरा ठिपका त्याच बाजूला. फ्युसेन शेवटचं स्टेशन, तिथून महालाचं गाव चारेक किलोमीटर. बस स्टेशनच्या दारातच उभी असते.

महालाचं तिकीट मात्र मुलीने आधीच ऑनलाइन घेतलं होतं, आणि ही गोष्ट बसने गेलात काय नि ट्रेनने गेलात काय, चुकवू नका. त्यावर वेळ छापलेली असते, मिनिटासकट. ती वेळ चुकली की तिकीट बाद. गेटवर बोर्डावर नंबर लागतो, आपण तिकीट लावायचं, आडवा दांडा फिरतो. इतकी शिस्त मी फक्त स्वप्नात पाहिली होती. ज्येष्ठांना सवलत आहे पण नावापुरती. १८ वर्षांखालच्या पोरांना फुकट. ट्रेनने जाणाऱ्याने दुपारी एकच्या पुढची वेळ घ्यावी, आधीची घेतलीत तर पळापळ.

या वेळी आम्ही चाललो नाही. वर जायला दोन साधनं आहेत, घोडागाडी आणि मिनी बस. घोडागाडीला रांग मोठी, आणि ती महालाच्या बरीच खाली सोडते. मिनी बस थेट पुलाच्या जवळ सोडते, तिथून महाल उताराने दहा-पंधरा मिनिटं. बर्फ पडला की बस बंद, पूलही बंद, हे थंडीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पुलावर गर्दी होती, फळ्या पायाखाली किंचित हलत होत्या, हिने माझा दंड असा धरला की वळ उठला. पण समोर महाल, खाली धबधबा, मागे दोन तळी. ४० मिनिटं उभे राहिलो. कुणी मुंडकी मोजली नाहीत.

आतला भाग दोन्ही फेऱ्यांत तोच, हे नीट समजून घ्या. नॉयश्वानस्टाइनच्या आत स्वतःहून फिरताच येत नाही. बसने या, ट्रेनने या, तिथला माणूस तुम्हाला गटाने अर्ध्या तासात फिरवतो, फोटो काढू देत नाही आणि तीनशेहून जास्त पायऱ्या चढवतो-उतरवतो. त्यामुळे बसचे जास्तीचे पैसे महालाच्या आतल्या माहितीसाठी पडतायत असं कुणाला वाटत असेल तर ते काढून टाकावं. गाइड बाईंनी गाडीत राजाच्या मृत्यूची गोष्ट छान सांगितली, तेवढं बसचं पुण्य. १८८६ च्या जूनमध्ये डॉक्टरांनी राजाला न तपासताच वेडा ठरवलं, गादीवरून काढलं, आणि १३ जूनला तो आणि त्याचा डॉक्टर दोघेही स्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेले सापडले. १ ऑगस्टला महाल तिकीट लावून लोकांना खुला. दहावं-बारावं होऊन दोन महिनेही झाले नव्हते. परकी माणसं आत येऊ नयेत म्हणणाऱ्या राजाच्या घरात आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं जातात.

सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही. बनायच्या आत राजा गेला. हिला आवडलं ते शेवटी लागणारं स्वयंपाकघर: गरम पाण्याचा नळ, आणि चुलीच्या गरम हवेवर आपोआप फिरणारे मांस भाजायचे गज. १८८० च्या दशकात. मला आवडलं की याला किल्ला म्हणतात पण तोफ ठेवायला जागा नाही. पायाभरणी १८६९ ची, तेव्हा रेल्वे धावत होती, आपला रायगड इंग्रजांच्या हाती जाऊन ५१ वर्षं झाली होती. हा शत्रूसाठी बांधलाच नव्हता, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याने त्याचं चित्र काढलं होतं. तरी योगायोग असा की २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने एकाच अधिवेशनात आपले बारा किल्ले आणि या राजाचे महाल जागतिक वारशात घेतले. फ्युसेनच्या बसमध्ये शेजारच्या जर्मन आजोबांना मी मोबाइलवर प्रतापगड दाखवला. त्यांनी विचारलं, वर बस जाते का? म्हटलं, जाते, आमचीच जाते. माचीपर्यंत.

तर माझा हिशेब असा. लिंडरहोफ बघायचं असेल तर बस करा. आपली आपण तिथे जायचं म्हणजे मुर्नाउला गाडी बदलून ओबरआमरगाउ, तिथून पुढे लोकल बस, आणि ती चुकली की बसा मोजत. एका दिवसात दोन्ही महाल फक्त टूरची गाडीच करू शकते. नुसतं नॉयश्वानस्टाइन बघायचं असेल तर ट्रेनच, डोळे मिटून. सोबत कुणी फारच थकलेलं असेल तर मात्र बस. दारातून उचलतात, दारात सोडतात, गाडी चुकायची भीती नाही.

पुढच्या मे महिन्यात व्याही-विहीणबाई जातायत. त्यांना दोन्ही फेऱ्या करायला सांगितल्या आहेत, आधी बस, मग ट्रेन, मध्ये चार दिवस गुडघ्यांना. धपाटे ट्रेनच्या फेरीला न्यावेत. त्या बसमध्ये सीटवर खाऊ देत नाहीत, आणि खाली गावात शाकाहारी माणसाला चीज घातलेल्या शेवया नाही तर बटाट्याच्या काड्या यापलीकडे आम्हाला काही सापडलं नाही. आल्पसे तळ्याच्या काठाला बाकडी आहेत. बदकं धपाटे खातात, ते मात्र हिने करून पाहिलंय.