जमीन तुमची, हरीण राज्याचं: परराज्यातल्या मालकासाठी आयोवा, मिझुरी, इलिनॉय की कॅन्सस?

राहायला शिकागो, ओमाहा किंवा मिनियापोलिस, आणि हरणाच्या शिकारीसाठी दुसऱ्या राज्यात ऐंशीएक एकरांचा तुकडा घ्यायचा, असा बेत अमेरिकेतली बरीच मराठी मंडळीही आता करू लागली आहेत. अशा वेळी ओढा कुठून वाहतो, ओकची झाडं किती, शेजारी मका आहे की सोयाबीन, हे सगळं नंतर बघा. आधी बघायचं ते हे, की बाहेर राहणाऱ्या मालकाला ते राज्य काय देतं. एकाच प्रतीच्या, एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावरच्या दोन तुकड्यांपैकी एकावर दरवर्षी शिंगवाला नर मारता येतो आणि दुसऱ्यावर चार-चार वर्षं नुसतं बघत बसावं लागतं. फरक फक्त राज्याच्या हद्दीचा.

‘मी इथे प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग मला हक्क का नाही?’ या वादात वेळ घालवू नका. वन्यप्राणी राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायचे, हे तिथलं जुनं तत्त्व आहे. करमणुकीसाठीची शिकार हा राज्याराज्यांतल्या नागरिकांना समान मिळायलाच हवा असा मूलभूत हक्क नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोंटानातल्या बाल्डविन खटल्यात सांगितलं. 2005 मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कायदाच करून रहिवासी आणि बाहेरचे यांच्यात फरक करायची मुभा राज्यांकडेच राहील हे पक्कं केलं. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या शेतातही हरणाला हात लावता येत नाही. इथे पुढे जे आहे ते निव्वळ अमेरिकेपुरतं.)

आयोवा: नाव मोठं, मालकाला फळ थोडं

व्हाइटटेल या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मोठ्या शिंगांसाठी आयोवाची ख्याती आहे आणि जमिनीच्या जाहिरातीत तीच विकली जाते. जाहिरातीत नसतं ते असं: शिंगवाला नर मारता येईल असे टॅग (एका हरणाचे परवाने) लॉटरीने, परराज्यातल्या सगळ्यांना मिळून वर्षाला 6,000, आणि त्यातले धनुष्यबाणासाठी जास्तीत जास्त 35 टक्के. अर्ज मेच्या पहिल्या शनिवारपासून जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत. झोन आणि हंगाम अर्जातच निवडायचा. नंबर लागला नाही की पुढच्या लॉटरीत प्राधान्य देणारा एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, लागला की सगळे पॉइंट शून्यावर. दक्षिणेकडच्या नावाजलेल्या झोनमध्ये धनुष्याच्या टॅगसाठी चार-पाच वर्षं थांबायची तयारी ठेवावी लागते.

तुमच्या नावावर तिथे 500 एकर असले तरी रांग हीच. मालक म्हणून सवलत एवढीच की लॉटरीत नंबर लागला नाही तर मादीच्या टॅगसाठी प्राधान्य मिळतं, तेही पैसे भरून आणि फक्त स्वतःच्या जमिनीवर वापरण्यापुरतं. परराज्यातले अनेक जण मिळून मालक असतील तर त्यांच्यातल्या एकालाच. आयोवात राहणाऱ्या मित्राबरोबर भागीत घेतली तर हे प्राधान्यही जातं. म्हणजे दोघा साडूंनी पै-पै जमवून घेतलेल्या जमिनीवर, नंबर न लागलेल्या वर्षी, दोघांत मिळून एका मादीच्या टॅगसाठी प्राधान्य, बस.

मग काही जण शेतावर ट्रेलर उभा करून ‘आम्ही इथलेच’ म्हणतात. कायद्याला मुख्य आणि खरं राहतं घर लागतं आणि अर्जाआधी सलग किमान 90 दिवसांचं वास्तव्य. मुलांची शाळा, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी आणि टॅक्स रिटर्न दुसऱ्या राज्यातलं असेल तर हे टिकत नाही. पकडले गेलात तर परवाना फक्त आयोवातला जात नाही. राज्याराज्यांत वन्यजीव गुन्ह्यांचा करार आहे, त्यामुळे एकीकडचं निलंबन घरच्या राज्यातही लागू होतं.

मत स्पष्टच सांगायचं तर पाच-सात वर्षांत तिकडे राहायला जाणार असाल तरच शिकारीसाठी आयोवात जमीन घ्या. ती हरणं मोठी होतात त्यालाही हीच बंधनं कारणीभूत आहेत. बाहेरचे शिकारी मोजके, आणि मुख्य बंदुकीचे हंगाम डिसेंबरमध्ये, म्हणजे माजाचा काळ उलटल्यावर.

मिझुरी: सरळ कारभार, पण शेजारी सांभाळा

इथे उलट चित्र आहे. परराज्यातल्या माणसाला बंदुकीचं ‘एनी-डिअर’ (नर किंवा मादी, कोणतंही हरीण) परमिट लॉटरीशिवाय विकत मिळतं, जमीन असो वा नसो. मालकीमुळे मिळते ती किमतीतली सूट. त्यासाठी सलग 75 एकर एकाच मालकी-नावावर लागतात आणि ते परमिट स्वतःच्याच जमिनीवर चालतं. शेजाऱ्याने बोलावलं तर पूर्ण दराचं वेगळं घ्यावं लागेल. (रहिवासी मालकाला 20 एकरांवर फुकट मिळतं, त्याच्याशी तुलना करून जीव जाळण्यात अर्थ नाही.) सूट आपोआप लागत नाही. संवर्धन खात्याकडे ऑनलाइन अर्ज करून नकाशावर हद्द दाखवावी लागते. हंगामाच्या आदल्या रात्री बसलात तर पूर्ण दर भरून मोकळं व्हावं लागतं.

मिझुरीचा नोव्हेंबरातला रायफलचा हंगाम मध्य नोव्हेंबरच्या शनिवारी उघडतो आणि तो नेमका माजाच्या जोरात पडतो. नर दिवसाढवळ्या माद्यांमागे धावत असतात. परराज्यातून चार दिवसांची रजा काढून येणाऱ्याला याहून सोयीची वेळ नाही. पण हीच सोय कुंपणापलीकडच्या प्रत्येकाला आहे. तुम्ही अडीच वर्षांचा नर ‘अजून एक वर्ष जाऊ दे’ म्हणून सोडता आणि वीस मिनिटांनी शेजारून बार ऐकू येतो. माजावरचा नर 75 एकरांत मावत नाही. म्हणून इथे एकरांपेक्षा शेजार महत्त्वाचा. बाजूला एकच मोठा मालक असलेला तुकडा, पाच-पाच एकरांच्या दहा प्लॉटांच्या शेजारच्या तुकड्यापेक्षा केव्हाही चांगला, भाव थोडा चढा असला तरी.

इलिनॉय: 40 एकरांत काम होतं

पाइक काउंटी आणि आसपासचा पश्चिम इलिनॉय हरणांच्या बाबतीत आयोवाच्या पंगतीतला. इथे 40 एकरांच्या मालकाला ‘प्रॉपर्टी ओन्ली’ परमिट मिळतं. रहिवाशाला फुकट, बाहेरच्याला शुल्क भरून, पण बंदुकीच्या परमिटांची काउंटीवार लॉटरी टळते. कमी भांडवलात हमखास परमिट हवं असेल तर लॉटरी असलेल्या तिन्ही राज्यांत हेच पुढे आहे. जमीन कंपनीच्या किंवा एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर असेल तर खऱ्या भागधारकांना दर 40 एकरांमागे एक, कमाल 15, अशी वेगळी तरतूद आहे. मित्रांच्या गटाला ती सोयीची पडते.

तोटा वेळेचा आणि हत्याराचा. बंदुकीचा पहिला हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीचे शुक्रवार ते रविवार, दुसरा त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवार ते रविवार. म्हणजे सगळे मिळून सात दिवस. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून बार भरायची बंदूक) आणि 2023 पासून ठरावीक काडतुसांची एक-बारी रायफल एवढंच चालतं. घरातली नेहमीची बोल्ट-ॲक्शन .३०-०६ रायफल घेऊन जाल तर गुन्हा होईल. धनुष्यवाल्याला मात्र इलिनॉयसारखं सुख कुठेच नाही: 1 ऑक्टोबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे आसपास बंदूक जवळजवळ वाजतच नाही.

कॅन्सस

सर्वसाधारण परराज्यातल्या शिकाऱ्याला एप्रिलमध्ये लॉटरीचा अर्ज करावा लागतो. 80 एकर शेती किंवा कुरणाच्या मालकाला ‘हंट ओन लँड’ परमिटची वाट मोकळी आहे. रायफलचा हंगाम बारा दिवसांचा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या बुधवारपासून. माज ओसरलेला असतो, पण उघड्या माळावर लांबून नेम धरणाऱ्याला चालून जातं. खाजगी जमिनीवर मका टाकून हरीण बोलावणं इथे चालतं. हीच सवय घेऊन मिझुरीत गेलात तर दंड: तिथे आणि इलिनॉयमध्ये दाणा पूर्ण उचलल्यानंतरही 10 दिवस ती जागा ‘बेट’ म्हणजे आमिष टाकलेलीच धरतात.

एकरांचा घोळ

सौदे खरे फसतात ते इथे. मध्यपश्चिमेतली जमीन एक मैल बाय एक मैल, म्हणजे 640 एकरांच्या सेक्शनमध्ये आखलेली. त्याचा चतकोर 160, त्याचा अर्धा 80, त्याचा अर्धा 40. कागदावर आकडे सुबक दिसतात, पण जुन्या मोजणीतली सगळी तूट-वाढ टाउनशिपच्या (36 सेक्शनांच्या चौकोनाच्या) उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकललेली आहे. तिथला ‘80’ प्रत्यक्षात 77 किंवा 82 असू शकतो. त्यातून काउंटी रस्त्याची पट्टी जाते, कधी नदीने काठ खाल्लेला असतो. जाहिरातीत ‘80 एकर, कमीजास्त’ असं लिहिलं की एजंट सुटला. कॅन्ससमध्ये 78.6 एकर म्हणजे मालकाच्या परमिटच्या हिशोबाने शून्य. तोच तुकडा मिझुरीत 75 च्या वर आरामात बसतो. 40 च्या अटीमुळे इलिनॉयमध्ये अर्ध्या-पाव एकराचा हा खेळ सर्वांत जास्त नडतो, कारण तिथे लोक नेमका एकच ‘चाळीस’ घेतात.

आपल्याला सातबाऱ्याची सवय. मालक, क्षेत्र, पीक सगळं एका कागदावर. तिथे मालकी काउंटीच्या रेकॉर्डरकडच्या (दस्त नोंदणाऱ्याकडच्या) दस्तात, कराचं क्षेत्र असेसरकडे (कर आकारणाऱ्याकडे), आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. दोन्ही काढा. फरक आला तर सर्व्हेअरकडून मोजून घ्या.

दस्तावर नाव कोणाचं, हाही तेवढाच प्रश्न. वकील सवयीने एलएलसी सुचवतो, कारण अपघाताची जबाबदारी वेगळी राहते. पण वैयक्तिक मालकाची सवलत एलएलसीच्या सभासदाला प्रत्येक राज्यात त्याच रीतीने मिळत नाही. आधी वन्यजीव खात्याला लेखी विचारा, मग दस्त करा. उलटा क्रम महागात पडतो.

एच-1बी आणि ग्रीन कार्ड

एच-1बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या धारकाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवाद असा की जवळ कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हवा. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, मग बंदूक कपाटात असली तरी. यातला एक चकवा व्हर्जिनियात आहे. तिथे स्वतःच्या जमिनीवर मालकाला, तो परराज्यातला असला तरी, परवाना लागतच नाही. ग्रीन कार्डवाल्याला ही मेजवानी, पण एच-1बीवाल्याने ‘लागत नाही’ म्हणून परवाना काढला नाही तर बंदुकीचा गुन्हा होतो. त्याने पैसे टाकून परवाना घ्यावाच. धनुष्याला हा नियम नाही, म्हणून ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत धनुष्यच बरं.

जमिनीचंही तसंच. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्याला आयोवात शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे, अपवाद तोकडे. बाकी राज्यांत घेतली तरी 90 दिवसांत केंद्रीय कृषी खात्याच्या स्थानिक ऑफिसात एफएसए-153 फॉर्म भरायचा. चुकला तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो.

इतर राज्यांचं थोडक्यात: नेब्रास्का परराज्यातल्या मालकाकडे 320 एकर मागतं. ओहायो परराज्यातल्या मालकाला परवान्यातून सूट देतं, पण त्याचं घरचं राज्य ओहायोवाल्याला तशीच सूट देत असेल तरच. टेक्सासमध्ये मालकीने काही बदलत नाही, 315 डॉलरचा परराज्याचा जनरल परवाना घ्यायचा आणि निघायचं.

हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट एकदाच काढा, सगळीकडे चालतं. ते कोणाला सक्तीचं हे जन्मतारखेवर ठरतं: कॅन्ससला 1 जुलै 1957, मिझुरीत 1 जानेवारी 1967, इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 1980 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. आणि हरीण मारल्यावर ते आख्खं गाडीत टाकून राज्याची हद्द ओलांडू नका. या चारही राज्यांत सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग सापडलेला आहे, त्यामुळे मेंदू आणि पाठीचा कणा नेण्यावर निर्बंध आहेत. हाडं काढून मांस, आणि स्वच्छ केलेल्या कवटीसह शिंगं, एवढंच न्या.

शनिवार-रविवार येऊन बंदुकीने एक नर मिळाला तरी खूष असाल तर मिझुरी. धनुष्य चालवत असाल आणि पैसे बेताचे असतील तर इलिनॉय, पण 40 नव्हे, 45 च्या वरचा तुकडा शोधा. लांब पल्ल्याची रायफल आणि मोकळं रान आवडत असेल तर कॅन्सस. आणि कुठेही घेतलीत तरी ऑफरमध्ये एक अट घालायला एजंटला सांगा: सर्व्हेनुसार, रस्त्याची पट्टी वजा जाता क्षेत्र अमुक एकरांच्या खाली आलं तर इसाराची रक्कम परत. विकणारा या अटीला कुरकुर करू लागला तर मोजणी त्याने आधीच करून पाहिली असण्याचा संभव आहे.